मागितलेली ओवाळणी

कुंताबाईच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नसे. धाकटी जाऊ सुलोचना हिच्या मांडवावरच्या वेलाला मूठभर शेंगा जास्त लागल्या तरी तेवढं पुरे. करडी गावाच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली वसलेल्या त्या गावात दोघींची घरं एकाच भिंतीला टेकून होती. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा मधलं दार तेवढं विटांनी बुजवलं. पण विटांनी फोडणीचा वास अडत नाही. तो अलीकडे आला की कुंताबाईला न बघता कळायचं, आज तिकडे काय शिजतंय, आणि मग आपल्या कढईतली भाजी तिला बेचव लागायची.

खरं म्हणजे सुलोचनानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. हेच तर दुखणं होतं. वाकडं केलं असतं तर भांडता आलं असतं. ती तुमसरची, लग्नात शिलाई मशीन घेऊन आलेली, हसतमुख, कुणाच्याही लेकराचं नाक स्वतःच्या पदरानं पुसणारी. कुंताबाईनं पंधरा वर्षं सासूचे पाय दाबले आणि सासू शेवटची तीन वर्षं राहिली धाकटीकडे. मरताना पाणी मागितलं तेही सुलोचनाचं नाव घेऊन. तलावाखालची चांगली बांधी, म्हणजे धानाचं शेत, चिठ्ठी टाकून सुलोचनाच्या नवऱ्याला, चंद्रकुमारला, गेली. चिठ्ठी गावातल्या एका पोरीनं उचलली होती, पण कुंताबाईच्या मनात ती सुलोचनानंच उचलली होती. दिवाळीच्या आधी दोरीवरचं तिचं जुनं पोलकं नाहीसं झालं आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून तिथंच परत आलं, तेव्हाही तिनं बुजवलेल्या दाराकडे बघून नाक मुरडलं. नवरा मधुकरराव शांत माणूस. "तुले काय कमी हाये वं?" असं तो विचारायचा. कमी काहीच नव्हतं, पण शेजारी जास्त होतं, आणि ते त्याला समजावून सांगता येत नसे.

एक गोष्ट मात्र निव्वळ तिची होती. ती म्हणजे जागेश्वर.

कुंताबाई सिहोऱ्याची. तिला सख्खा भाऊ नाही. लग्नानंतरच्या तिसऱ्या भाऊबीजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळत होती. भाऊ नसलेल्या बाईनं तसंच करायचं असतं. शेतातलं काम आटोपून निघालेला जागेश्वर कुंपणापाशी पाणी प्यायला थांबला होता. त्यानं ते पाहिलं आणि काही न बोलता गेला. तो तसा बोलायचाच कमी. पण पुढच्या वर्षी भाऊबीजेच्या दुपारी अंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, हातात नारळ घेऊन दारात हजर. "चंद्र काही जेवाले येत नाई, बाई," एवढंच म्हणाला आणि पाटावर बसला. त्या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली होती. या तेवीस वर्षांत एकही भाऊबीज चुकली नव्हती, आणि कुंताबाई वर्षभर तो दिवस मनात पुरवून पुरवून वापरत असे.

जागेश्वर गावातला पुंजणे रचणारा. कापलेल्या धानाच्या पेंढ्या मळणी होईपर्यंत खळ्यावर रचून ठेवायच्या, त्या रचलेल्या उंच ढिगाला पुंजणा म्हणतात, आणि तो रचणं सगळ्यांना जमत नाही. लोंबा आत, बुडखे बाहेर, वरून उतार असा की अवकाळी पाऊस आला तरी पाणी ओघळून जावं. जागेश्वरच्या हातचा पुंजणा महिनाभर उघड्यावर राहिला तरी आतला दाणा कोरडा निघायचा. दोन्ही भावांचं खळं वाटणीनंतरही सामाईक होतं. एका टोकाला मधुकररावांचा पुंजणा, दुसऱ्या टोकाला चंद्रकुमारचा, मधे बैलगाडी वळेल एवढी जागा. यंदाही दोन्ही त्यानंच रचले. चंद्रकुमारचा हातभर उंच झाला. धानच जास्त, त्याला जागेश्वर तरी काय करणार? पण कुंताबाई दोनदा जाऊन पाहून आली, एकदा सकाळी आणि एकदा उन्हं उतरल्यावर, आणि दोन्ही वेळा तो उंचच होता.

भाऊबीजेला ती पहाटेपासून कामाला लागली. अनरसे झाले, उडदाचे वडे झाले, शेवयांची खीर झाली. पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. जागेश्वर दरवर्षी बाराच्या आत येई. बारा वाजले, एक वाजला, खिरीवर साय धरली. तेवढ्यात शेजारची शकुनबाई ताक मागायला आली. शकुनबाई ताक घेऊन जाते आणि बातमी ठेवून जाते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"तुहा भाऊ तं तिकडं बसला हाये वं," ती गडवा पुढे करत म्हणाली. "सुलोचनाच्या घरी. टिळा लावला तिनं त्याले. लाडू खाऊन राहिला मस्त."

कुंताबाईनं ताक ओतलं ते निम्मं गडव्यात आणि निम्मं शकुनबाईच्या पायावर. सुलोचनाला तुमसरला सख्खा भाऊ होता. तो आज सकाळीच मोटारसायकलवर आलाही होता; गाडीचा आवाज भिंतीतून आला होता. एक आहे, तरी हिला दुसरा पाहिजे! सासू घेतली, बांधी घेतली, गावाची जीभ तर कधीच घेतली होती. आता हाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली. खीर चुलीवरून उतरवायचीही तिला शुद्ध राहिली नाही आणि ती बुडाला लागली.

दोन वाजता जागेश्वर आला. हातात प्लास्टिकची पिशवी, कपाळावर कुंकवाचा टिळा, टिळ्यावर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले. कुंताबाई त्या दोन दाण्यांकडेच बघत राहिली.

"कुठं गेलता आधी?"

"थोडं काम होतं," जागेश्वर म्हणाला आणि नजर चुकवून हसला. मग पिशवी पुढे सरकवली. "हे तुमच्यासाठी, बाई."

तिनं पिशवीला हात लावला नाही. पदराचं टोक पाण्यात बुडवून तिनं आधी त्याच्या कपाळावरचा तो टिळा पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला, कातडी लाल होईपर्यंत पुसला. जागेश्वर डोळे मिटून मुकाट बसला होता. मग तिनं आपला टिळा लावला, ताट फिरवलं आणि ताट हातातच धरून विचारलं, "ओवाळणी काय देशीन?"

त्यानं पिशवीकडे बोट केलं.

"ते नको मले. मांगीन ते देशीन?"

"मांगा ना, बाई."

"तो पुंजणा हाये ना तिचा, तो मले डोळ्यासमोर नको. मले खरंच बहीण मानत असशीन तं लाव त्याले काडी."

जागेश्वरला आधी ती गंमत वाटली. मग त्यानं तिचं तोंड पाहिलं. "बाई," तो हळूच म्हणाला, "म्या रचला तो."

"म्हणून तं तुले सांगून राहिली. दुसऱ्या कोनाले सांगू? का आता ती झाली तुही बहीण?"

इथवरचं एक वेळ रागाचं म्हणता आलं असतं. राग आला की बायामाणसं घर पेटवायच्या गोष्टी करतात आणि संध्याकाळी त्याच घरात दिवा लावतात. ती इथं थांबली असती तर जागेश्वरनं खीर खाल्ली असती, करपली म्हणाला असता आणि घरी गेला असता. पण कुंताबाई थांबली नाही. ताट खाली ठेवून, आवाज उतरवून, बाजाराची यादी सांगावी तशी ती म्हणाली, "परवा मंडई हाये. दुपारून खळ्यावर कोनी राहत नाई. शेरू कुत्र्याले मी घरी बांधून ठेवीन."

जागेश्वरनं पानातलं अर्धं टाकलं. तेवीस वर्षांत त्यानं तिच्या घरी अन्न टाकलं नव्हतं. उठताना तो फक्त "बरं" म्हणाला. पिशवी पाटाजवळच राहिली. कुंताबाईनं ती पायानं सरकवत धानाच्या कोठीमागे ढकलून दिली.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचे नाच आणि संध्याकाळनंतर नाटक. मंडईच्या दिवशी घरात थांबतो तो एक तर आजारी, नाही तर भांडलेला. तरी सुलोचनाचा पाय निघत नव्हता. बाहेरच्या गावचे लोक येतात, विड्या ओढतात, खळं उघडं पडलेलं, असं ती दारात उभी राहून चंद्रकुमारला सांगत होती.

कुंताबाई आपल्या दारातून म्हणाली, "जा ना वं तू. मी हाय ना घरी. खळं मी पाहीन."

सुलोचना चकितच झाली. थोरल्या जावेनं आपणहून काही करते म्हणावं असं वर्षात एकदाही घडत नसे. ती जवळ आली आणि कुंताबाईचा हात धरून म्हणाली, "बाई, मग मले काहीच काळजी नाई. तुमच्या भरवशावर चालली." नवी साडी नेसून, नवऱ्यामागे गाडीवर बसून ती गेली. तिच्या पोलक्याच्या पाठीवरची नाडीसुद्धा नीट बसली होती, हे कुंताबाईनं जाता जाता टिपलं.

शेरू दोन्ही घरांचा कुत्रा. दिवसभर खळ्यावर पडून असायचा आणि अनोळखी पाऊल वाजलं की गाव गोळा करायचा. कुंताबाईनं त्याला भाताचं आमिष दाखवून आणलं आणि गोठ्यात बांधलं. जागेश्वर असलं काही करायचा नाही, असं ती स्वतःला सांगत होती. तिनं गाठ मात्र दोनदा आवळली.

चारच्या सुमाराला धूर दिसला.

खोटं कशाला सांगायचं, पहिल्यांदा तिला बरं वाटलं. पुंजणा जळाला याचं तेवढं नाही. त्यानं केलं, याचं. आपण मागितलं आणि त्यानं दिलं. आपल्यासाठी स्वतःच्या हातचं काम जाळलं. सुलोचनासाठी कोण असं करील? परसात उभी राहून ती तो धूर वर चढताना बघत होती, आणि बऱ्याच वर्षांनी तिची छाती भरून आली होती. मग मंडईच्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला आणि ती कळशी उचलून खळ्याकडे निघाली.

ती पोचली तेव्हा माणसं जवळच्या बोडीपासून, त्या लहानशा तळ्यापासून, रांग लावून बादल्या पुढे देत होती. पण पेटलेला पुंजणा पाण्याला दाद देत नाही. वरून विझल्यासारखा दिसतो आणि आतून पेटत राहतो. दोन पुंजण्यांच्या मधे जागेश्वर उभा होता. हातात ओलं पोतं, आणि उडणारी एकेक ठिणगी तो मधुकररावांच्या पुंजण्यावर पडायच्या आधी झोडपत होता. पोत्याची एक बाजू जळून गेली होती तरी तो थांबत नव्हता. हात भाजून कोपरापर्यंत लाल झाले होते. चंद्रकुमारनं त्याला मिठीच मारली. "तू होता म्हणून एक तं वाचला गा!"

"म्याच लावली," जागेश्वर म्हणाला.

धक्क्यानं बरळतोय असं लोकांना वाटलं. तेव्हा त्यानं भाजलेल्या बोटांनी खिशातून काडेपेटी काढली आणि पोलीस पाटील भय्याजींच्या हातावर ठेवली.

सुलोचना मघापासून राखेकडे बघत होती, ती आता त्याच्याकडे बघायला लागली. "काहून, दादा?" तिनं विचारलं. "म्या काय केलं होतं तुमचं?" जागेश्वरनं मान खाली घातली. तो दादा शब्द कुंताबाईला तिथंही टोचला.

भय्याजींना कायदा सांगायची हौस होती आणि अशी संधी त्यांना वर्षानुवर्षं मिळाली नव्हती. त्यांनी काडेपेटी रुमालात बांधली आणि जागेश्वरला विचारलं, "कोनी सांगतलं का तुले?" मग ते जमलेल्या लोकांकडे वळले. "समजून घ्या सारे. काडी लावनारा एकटाच गुन्हेगार नसते. ज्यानं लाव म्हटलं, ज्यानं त्याच्यासाठी वाट मोकळी करून देली, त्यालेही तेवढीच सजा. सात वर्षं जाऊ शकते मानूस. म्या नुसतं बोललो, हात नाई लावला, असं म्हनून कोर्टात सुटता येत नाई."

कुंताबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. कळशीतलं पाणी डुचमळून तिच्या पायावर आलं. गोठ्यातून शेरूचं भुंकणं ऐकू येत होतं, आणि शेरू खळ्यावर का नव्हता हे अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पोलिसांची गाडी आली. जागेश्वर गाडीत चढला. चढताना त्यानं मधुकररावांच्या पुंजण्याकडे एकदा पाहिलं, तो धड आहे ना एवढंच. कुंताबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आपलं नाव घेणार नाही, हे तिला त्या न पाहण्यातून कळलं. तिनं घरी येऊन कुत्र्याची गाठ सोडली.

सकाळ झाली ती भीती घेऊनच. सात वर्षं हा आकडा चुलीत, भांड्यांत, सगळीकडे दिसत होता. तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं की गप्प बसायचं. जागेश्वर बोलणार नाही, आपण बोलायचं नाही. गोष्ट दोघांत राहील. तेवढ्यात जागेश्वरची बायको रुखमा आली आणि उंबऱ्यातच बसली. तिचे डोळे सुजले होते.

"बाई, तुमीच जा ठान्यात. तुमचं आयकते तो. माह्यासंग तं एक शब्द नाई बोलला. आज कोर्टात नेनार म्हनते." तिनं नाक पुसलं. "सुलोचनाबाई गेल्या सकाळीच डबा घेऊन. त्याह्यचा धान जळला, तरी त्याच गेल्या पाहा! साहेबाले म्हने, भाऊ हाये तो माहा, आधी त्याच्या हाताले मलम लावा. वकील बी पाहून देतो म्हने. अख्खं गाव म्हनून राहिलं, बहीण असावी तं अशी."

"काय म्हनून राहिलं गाव?" कुंताबाईनं विचारलं.

"बहीण असावी तं अशी," रुखमानं पुन्हा सांगितलं.

तिला पश्चात्ताप झाला, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो झाला असेलही, कुठं तरी खाली. पण वर जे उसळलं ते निराळं होतं. तो माणूस तिच्यासाठी जळलेले हात घेऊन बसलाय, तिच्यासाठी तोंड शिवून बसलाय, आणि त्याची बहीण म्हणून गाव नाव घेतंय कुणाचं? त्यानं दिलेली एवढी मोठी ओवाळणी कुणाला दिसतच नाही. दिसतो तो सुलोचनाचा डबा. कुंताबाईनं चूल तशीच सोडली, पायात चपला घातल्या आणि रस्त्यावर जाऊन पहिली आली ती आटो थांबवली. सात वर्षांचा आकडा घरीच राहिला.

ठाण्यात जागेश्वर बाकड्यावर बसला होता. दोन्ही हातांना पांढरे बँडेज. त्याला हातानं खाता येत नव्हतं म्हणून सुलोचना समोर बसून त्याला भरवत होती. भाताचा छोटा घास करून, वरण जिरवून, सांभाळून त्याच्या तोंडात देत होती. कुंताबाई दारात आली तेव्हा जागेश्वरनं तोंड उघडलेलं होतं. त्यानं तो घास घेतला.

"साहेब," कुंताबाई म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की आतला शिपाईही बाहेर आला. "त्याचा हिच्यावर काही राग नव्हता. त्यानं माह्यासाठी लावली. भाऊबीजेची ओवाळणी मांगतली म्या, तिचा पुंजणा जाळ म्हटलं. अन् त्यानं देली."

साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. गुन्हा कबूल करायला आलेली माणसं त्यांनी पाहिली होती. ती खाली बघतात. ही बाई ताठ मानेनं बोलत होती आणि त्यांच्याशी बोलतच नव्हती. ती जावेकडे बघून सांगत होती.

"बाई, बसा आधी," ते म्हणाले. "तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय का? हे मी लिहून घेतलं तर तुम्ही साक्षीदार राहणार नाही, आरोपी व्हाल. दुसऱ्याला चिथावणं, मदत करणं, हा गुन्हाच आहे. त्याला जी शिक्षा, तीच तुम्हाला होऊ शकते."

"साहेब, बाई खोटी बोलून राहिली," जागेश्वर घाईघाईनं म्हणाला. कालपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "माया हाये तिची माह्यावर. तिनं नाई काही सांगतलं. म्याच केलं."

सुलोचनाच्या हातातला घास हातातच होता. तिनं एक भलतंच विचारलं.

"बाई, साडी उघडून पाहिली का तुमी?"

"कोनती साडी?"

"जागेश्वरदादानं आनली ती. दिवाळीच्या आठ दिवस आधी माह्याकडे आनून ठेवली होती. म्हने फॉल लावा, पोलकं शिवा, पन बाईले कळू देऊ नका. मापाले तुमचं पोलकं मीच नेलं होतं दोरीवरून." तिनं मानेनं जागेश्वरकडे दाखवलं. "त्या दिवशी साडी न्यायाले आला होता तो. मी माह्या भावाले ओवाळून राहिली होती. दारात मानूस उभा, त्याले तसाच कसा धाडू? म्हनून टिळा लावला. लाडू देला तं म्हने, जास्त नको, बाईकडं जेवाचं हाये."

कोपऱ्यातला पंखा कुरकुरत होता. जागेश्वर बँडेजकडे बघत होता. त्या दिवशी थोडं काम होतं म्हणताना तो का हसला होता, ते कुंताबाईला आता कळलं. कोठीमागे पायानं ढकललेली पिशवी तिला दिसली, करपलेली खीर दिसली, पदरानं घासघासून लाल केलेलं त्याचं कपाळ दिसलं. तिला लाज वाटली, अशी की भुई दुभंगावी. पण लाजेच्याही आधी, क्षणभरच आधी, तिच्या मनात आलं ते हे की साडीचा रंग हिला आपल्याआधी कळला.

सुलोचनानं घास डब्यात ठेवला, हात पुसले आणि ती साहेबांकडे वळली. तिला सगळं समजलं होतं. मंडईला जा म्हणून कुणी सांगितलं, कुत्रं कुठं होतं, सगळं. तरी ती म्हणाली, "साहेब, हे नका लिहू. भावाची हालत पाहून बाईचं डोकं ठिकाणावर नाई. बाईवर माही काहीच तक्रार नाई."

"हो साहेब," जागेश्वर म्हणाला.

साहेबांनी पेन उचललं होतं, ते टेबलावर ठेवलं. शिपाई दारातून बाजूला झाला. घरी जायची वाट मोकळी होती. उठून चपला घालायच्या आणि बाहेर पडायचं, एवढंच. मग सुलोचना वकील पाहील, सुलोचना तारखांना जाईल, सुलोचना डबा नेईल, आणि कुंताबाई सुटली तीही सुलोचनाच्या कृपेनं, हे जन्मभर भिंतीपलीकडे नांदत राहील. सासू गेली ते तिनं सोसलं होतं. बांधी गेली, तेही कुरकुरत का होईना सोसलं होतं. हे तिच्यानं सोसवेना.

"लिवा, साहेब," कुंताबाई म्हणाली. "कुत्र्याले मीच बांधलं. खळं मी पाहीन म्हनून हिले मंडईत मीच धाडलं. मंडईच्या दिवशी लाव, हेही मीच सांगतलं. तिचं आयकू नका, तिले काही मालूम नाई आमच्यातलं."

साहेबांनी एक उसासा टाकला, कोरा कागद ओढला आणि विचारायला सुरुवात केली. नाव. वय. नवऱ्याचं नाव. गाव. ती एकेक सांगत गेली, आणि सांगता सांगता उठून तिनं सुलोचनाच्या मांडीवरचा डबा घेतला. सुलोचनानं तो सोडला. कुंताबाई बाकड्यावर जागेश्वरच्या शेजारी बसली आणि भात कालवू लागली. भाताची शितं तिच्या साडीवर सांडत होती. जागेश्वरच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्याला हात नव्हते.

"आरोपीशी नातं?" साहेबांनी विचारलं.

"बहीण."

"सख्खी की मानलेली?"

कुंताबाईनं घास त्याच्या तोंडापाशी धरला आणि मान वर करून सुलोचनाकडे पाहिलं.

"एकुलती एक," ती म्हणाली. "तसंच लिवा."